नव्याच्या आधीची काकडी

हर्षदाने आयुष्यात चोरी एकदाच केली, तीही काकडीची, आणि तीही स्वतःच्याच घरच्या वेलावरची. पण जामसरजवळच्या त्या पाड्यावर लोकांची स्मरणशक्ती मोठी दांडगी. कोणाचा बैल कोणत्या साली कोणाच्या नागलीत शिरला, हे तिथे अजून चवीने सांगतात. मग नव्याच्या आधी काकडी खाणारी पोरगी ते कसे विसरतील? ती बारावीला जव्हारच्या कॉलेजात पहिली आली, तेव्हा काळ्या भगत म्हणाला, "काकडीवाली पयली आली." पुढे ती मुंबईकडच्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली, कणभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्र असे तोंडभर विषय घेतले, विश्वाची पहिली काही मिनिटं कशी गेली यावर पानंच्या पानं लिहू लागली. पाड्याच्या लेखी मात्र काकडीवाली शिकायला मुंबईला गेली होती, एवढंच.

ती चोरी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. या भागात शेतात नवं काही पिकलं, मग ते भात असो, नागली असो की काकडी, की आधी ते गावदेवाला आणि घरच्या देवांना दाखवायचं आणि मगच माणसांनी तोंडात घालायचं. यालाच नवं म्हणतात. दिवस भगत ठरवतो. तोवर काकड्या मांडवावर लोंबत राहतात आणि पोरं खाली उभी राहून आवंढे गिळतात. हर्षदाने एका दुपारी आवंढा न गिळता काकडीच गिळली. देठ गोठ्यामागे पुरला, हात राखेने घासले, मांडवाची पानं होती तशी सारखी केली. काम असं सफाईदार की कोणाला संशयही आला नसता.

पण घरात पोशी होती. पोशी म्हणजे हर्षदाची आत्या, बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर माहेरी परत आली होती आणि घराचा, गोठ्याचा आणि भावाच्या अकलेचा कारभार तिने एकहाती घेतला होता. पोशीने वेलावरची एक काकडी कमी झालेली पाहिली आणि चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी अंगणात पाड्यावरची सगळी पोरं जमली असताना ती नुसती उसासा टाकून म्हणाली, "औंदा पुढचा वेल कडू निघाला. उद्या समद्या काकड्या गुरांना घालतां."

"कडू नाय, गोड हाय," हर्षदा म्हणाली.

झालं. दंड म्हणजे एक कोंबडा आणि सगळ्यांदेखत कान धरून उभं राहणं. कान हर्षदाचे होते, कोंबडा पोशीचा गेला, आणि तोही तिचा लाडका, तांबडा, पहाटे सगळ्यांच्या आधी आरवणारा. त्या दिवसापासून हर्षदाने न विचारता काही चाखलं नाही. नाव पडलं ते पडलंच.

आता विद्यापीठाकडे येऊ. हर्षदाचे मार्गदर्शक होते नितीन सर. माणूस प्रेमळ, शिकवणं असं की ऐकणाऱ्याची तहानभूक हरपावी, पण धीर म्हणून देवाने दिलेलाच नाही. पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी. विभागात कोणाच्या डब्यात काय आहे, हे जेवणाच्या सुट्टीच्या तासभर आधी सरांना ठाऊक. आणि सरांचा सगळ्यात आवडता धडा कोणता, तर डोळे बांधून करायच्या मोजणीचा.

"कणभौतिकीत सगळ्यात मोठा खोटारडा कोण?" सर वर्गात विचारत, आणि स्वतःच्याच डोळ्यांवर बोट ठेवत. "हे. हे दोघं. उत्तर दिसलं की आपल्याला हवं तिकडे झुकतात. म्हणून आधी रीत ठरवायची, कुलूप लावायचं, आणि सगळं ठरल्यावरच उत्तर बघायचं. मध्ये डोकावलात, तर मोजणी फेकून द्यायची."

वर्गातल्या मुलांना हे फार जड गेलं. दिसत असलेलं का बघायचं नाही, यावर त्यांनी चर्चा केली. हर्षदाला एका वाक्यात कळलं, कारण हे तर आमचं नवंच, असं तिच्या मनात आलं आणि ती वर्गात एकटीच हसली.

त्या वर्षी एक संधी आली होती. युरोपात जमिनीखाली मैलोगणती लांबीचं एक यंत्र आहे, त्यात कण एकमेकांवर आपटतात आणि विश्व जन्मलं तेव्हाची राख पुन्हा पेटवून पाहतात. तिथे उन्हाळ्यात शिकाऊ म्हणून जायला विभागातून एकाच विद्यार्थ्याचं नाव जाणार होतं. समितीची अट साधी होती. विद्यार्थ्याने स्वतः केलेली एक मोजणी दाखवायची, आणि ती डोळे बांधून केलेली, निर्दोष हवी. हर्षदाला ती जागा इतकी हवी होती की ती कोणाशी त्याबद्दल बोलतही नसे.

तिने विषय घेतला म्युऑनचा. आकाशातून येणारे कण वरच्या हवेवर आदळतात, त्यातून हे म्युऑन निघतात आणि खाली बरसतात. कौलातून, भिंतीतून, माणसातून आरपार जातात. समुद्रसपाटीपेक्षा डोंगरावर ते किंचित जास्त मिळतात. मुंबईत तिच्या यंत्रावर मिनिटाला सत्तावन्न मिळाले होते. जामसरला, गणित म्हणत होतं, साठ-एकसष्ट मिळायला हवेत. बघू तरी मिळतात का.

गणपती झाल्यावर ती यंत्र घेऊन एसटीने घरी आली. यंत्र म्हणजे काळ्या कापडात गुंडाळलेल्या दोन जाडजूड पाट्या, एकावर एक. दोन्हींतून एकाच वेळी काही गेलं, तर एक मोजायचं. शेजारी लहानसा पडदा, त्यावर मिनिटाची सरासरी, आणि वीज गेली तर गाडीची जुनी बॅटरी. हे सगळं पोशीच्या परवानगीने माळ्यावर, कणगीच्या बाजूला बसलं.

"ते तुझे कण कौलं फोडतील काय?" पोशीने विचारलं.

"नाही गं. ते आत्ताही तुझ्यातनं जातायत."

पोशीने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "आन मरतात कवा?"

"जन्मल्यावर लगेच. डोळा लवायच्या आत. पण इतके जोरात धावतात की त्यांचं घड्याळ आपल्याला सावकाश चाललेलं दिसतं. म्हणून जमिनीपर्यंत जिवंत पोचतात."

"जव्हारच्या एसटीचाबी घड्याळ सावकाश हाय," पोशी म्हणाली, "पण ती पोचत नाय."

पडद्यावर कोणी बघायचं नाही, हे पाड्याला समजावताना हर्षदाने तयारीने चार वाक्यं घोकली होती. पहिल्याच वाक्यावर काळ्या भगत म्हणाला, "म्हंजे नव्याच्या आधी चाखायचा नाय." एवढंच. मग त्याने स्वतःच पडद्यावर फडकं टाकलं, दोरा गुंडाळला, वर तांदळाच्या पिठाचं बोट उठवलं आणि उघडायचा दिवस नव्याचाच ठरवून टाकला. दोऱ्याला गाठ पोशीने मारली, गुरांच्या दाव्याला मारतात ती. त्यानंतर माळ्याची शिडी चढायची कोणाची टाप नव्हती.

पण हर्षदा एकदा पकडली गेलेली चोर होती, आणि अशा माणसाचा दोऱ्यावर फारसा विश्वास नसतो. मोठमोठ्या प्रयोगांत एक युक्ती करतात, ती तिने वाचली होती. मोजणीत कोणालाही ठाऊक नसलेला एक अंक मिसळून ठेवायचा. कोणी डोकावलंच, तर त्याला दिसेल ते खोटं. उघडायच्या दिवशी तो अंक वजा करायचा. फडकं बांधायच्या आधी तिने पोशीला माळ्यावर नेलं, स्वतः पाठ केली आणि म्हणाली, "एक ते नऊमधलं एक बटण दाब. कोणतं ते मलासुद्धा सांगू नको."

पोशीने दाबलं, आणि यंत्राने तो अंक आपल्या पोटात नोंदवून ठेवला. "म्हंजे पुढचा वेल कडू करून ठेवला," ती म्हणाली.

हर्षदाच्या डोक्यात तोवर ते आलंही नव्हतं. दोघी पोट धरून हसल्या. ही गोष्ट तिने नितीन सरांनाही सांगितली नाही. उघडायच्या दिवशी सरांची गंमत करायची होती.

सरांचा रोज संध्याकाळी फोन येई. "काय म्हणतायत आपले कण? नको, नको, सांगू नकोस. बघितलं नाहीस ना? शाब्बास. पण साधारण अंदाज? नको, राहू दे." मग एका रविवारी ते स्वतःच आले. जव्हारपर्यंत बसने आणि तिथून जीपने, पाठीवर पिशवी, पायात नाडीचे बूट. पोशीने त्यांना नागलीची भाकरी आणि अळूचं फतफतं वाढलं. पोशी देवालाही अरेतुरे करणारी, ती सरांना म्हणाली, "खा अजून. मास्तर असून येवढासाच खातंस?" सर खुशीत होते. दुपारी हर्षदा विहिरीवर गेली असताना बॅटरीची तार बघून येतो, असं म्हणून ते माळ्यावर चढले आणि तार बघून उतरले. चहा घेऊन ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी पोशी कणगीतून भात काढायला वर गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. पिठाचं बोट पुसलं होतं. दोरा होता, पण गाठ दाव्याची नव्हती. दोन कान काढलेली फुलासारखी गाठ, बुटाच्या नाडीला मारतात तशी.

बातमी पाड्यावर पसरायला काय लागतं? काळ्या भगत आला, गाठ बघितली, आणि त्याची नजर हळूहळू उंबऱ्याकडे गेली. तिथे हर्षदाचे मुंबईहून आणलेले कॅनव्हासचे बूट पडले होते. बाकी साऱ्या पाड्यावर नाडीचा बूट नव्हता.

"काकडीवाली," तो म्हणाला. रागाने नव्हे, नेहमीच्याच मायेने म्हणाला, आणि म्हणून ते जास्त लागलं.

"मी नाही बघितलं, भगतबाबा."

"तवाबी तू येवढाच बोलली असतीस, पोशीनं इचारला असता तं." लोक हसले. पोशी शेंगा सोलत राहिली. हर्षदाला वाटलं, निदान हिने तरी बोलावं.

तिने सरांना फोन करून दोरा सुटल्याचं सांगितलं. मग सर घसा साफ करून म्हणाले, "हं. उंदीर वगैरे असेल."

"उंदीर गाठ मारत नाही, सर."

"नाही, ते बरोबर आहे. बघू. समितीला लिहावं लागेल बहुतेक. सील सुटलं होतं, एवढंच लिहू. कोणी सोडलं ते लिहायची गरज नाही."

हर्षदा फोन हातात धरून माळ्याखाली बसली. गरज कशी नाही? यंत्र तिच्या घरात, फडकं तिच्या माळ्यावर. कोणी सोडलं ते लिहिलं नाही, तर वाचणारा एकच नाव घेणार. लपवलेला अंक आहे, असं सांगूनही उपयोग नव्हता. अंक कोणाकडे? आत्याकडे. आत्या कोणाची? म्हणजे चोरही घरातला आणि किल्लीही घरातली. पुन्हा महिनाभर मोजायला वेळ उरला नव्हता, समितीची तारीख नव्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. युरोपातलं ते यंत्र तिच्याशिवाय फिरत राहणार होतं आणि ती जन्मभर काकडीवालीच राहणार होती. तिला रडू आलं. रागही आला, पण कोणावर काढावा ते कळेना.

कळलं ते दोन-तीन संध्याकाळी उलटल्यावर. सरांचे फोन येत होते, जेवलीस का, पाऊस कसा आहे, नागली कापली का, सगळं विचारत होते. फक्त कणांबद्दल चौकशी बंद झाली होती. "साधारण अंदाज?" असं विचारल्याशिवाय ज्यांचा फोन संपत नसे, त्या माणसाला आता अंदाज नको होता. हर्षदा स्वतः या वाटेने गेलेली होती. काकडी खाल्ल्यापासून पकडली जाईपर्यंत तिनेही वेलाखाली जाणं सोडलं होतं, कारण ज्याची चव कळली त्याच्याकडे बघत कशाला बसायचं? ती उठली, उंबऱ्यावरचे आपले बूट उचलून आत ठेवले, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

नव्याच्या सकाळी सर हजर झाले. अंगण सारवलेलं, सुपात भाताच्या नव्या लोंब्या, नागलीची कणसं, आणि मांडवावरून काढलेल्या काकड्यांचा ढीग. पाडा झाडून सारा जमला होता, देवासाठी थोडा आणि पडद्यासाठी जास्त. काळ्या भगताने देवाचं केलं. मग माळ्यावरून यंत्र खाली आणलं, फडक्यासकट, त्या फुलाच्या गाठीसकट. सरांनी गाठीकडे पाहिलं आणि लगेच काकड्यांकडे पाहिलं.

हर्षदा पुढे आली. तोंड तिने असं पाडलं होतं की तिची आईच एकदम घाबरली.

"सर, उघडायला नको," ती म्हणाली. "मी काल पाट्या तपासल्या. एका पाटीची तार सैल झालीय, कण निसटतायत. यंत्र मंद झालंय. मुंबईपेक्षाही कमी मोजले असणार याने, पन्नाससुद्धा नसतील. प्रयोग फसला असं लिहू आणि मोजणी फेकून देऊ."

"फेकून?" सर दचकले. "अगं, वेडी का काय तू? कमी कुठे? चांगले भरपूर आहेत. अडुसष्ट म्हणजे थट्टा नाही, गणितापेक्षा सात-आठ जास्त, मी तर त्याच्यावर—"

सर थांबले. पण वाक्य तोवर अंगणभर पसरलं होतं. एक कोंबडी काकड्यांच्या ढिगापर्यंत आली, तिलाही कोणी हाकललं नाही.

सगळ्यात आधी हसला काळ्या भगत. "कडू नाय, गोड हाय," तो म्हणाला, आणि मग साऱ्या अंगणाला उमगलं. म्हातारी माणसं मांड्यांवर हात मारून हसली. त्या काकडीची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या पोरांनी सरांच्या बुटांकडे बोटं दाखवली. सर लाल झाले, मग पांढरे झाले, मग खाली बसले.

"मी फक्त एक क्षण बघितलं," ते म्हणाले. "तार बघत होतो. हात तिथेच होता. हर्षदा, मला माफ कर. तुझ्यावर येईल हे मला दिसत होतं, आणि मी गप्प बसलो. आता मोजणी गेली. आणि ती माझ्यामुळे गेली."

"गेली नाही, सर," हर्षदा म्हणाली. इतक्या दिवसांचा राग होता, पण सरांचा चेहरा बघून तिला हसूच येऊ लागलं. "तुम्ही चाखलं ते कडू होतं." आणि तिने बटणाची गोष्ट सांगितली.

सरांनी ती तोंड उघडं ठेवून ऐकली. मग विद्यार्थ्यासारखे सरसावून बसले आणि पोशीकडे वळले. "कोणता अंक? आत्या, कोणता अंक दाबलात?"

"आधी कोंबडा," पोशी म्हणाली.

सरांनी जन्मात अंडंही खाल्लेलं नव्हतं, पण पोशीपुढे त्याचं काय चालणार? काळ्याच्या भाच्याच्या मोटारसायकलवर बसून सर जव्हारच्या बाजारात गेले, आणि ऊन चढता चढता परत आले ते दोन्ही हात लांब करून, त्या हातांत एक तांबडा कोंबडा धरून. कोंबड्याने वाटेत त्यांच्या शर्टाची जी दशा केली होती, ती सांगण्यासारखी नाही. मग कान. एक हात कानाला आणि दुसऱ्या हाताने फोनवर समितीला पत्र, अशा अवस्थेत सरांनी लिहिलं की सील आपण स्वतः सोडलं, चूक आपली, विद्यार्थिनीने यातलं काही पाहिलेलं नाही, आणि लपवलेल्या अंकामुळे मोजणी शाबूत आहे. पाठवायच्या आधी हर्षदाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. काळ्याने मान डोलावली.

"सात," पोशी म्हणाली.

यंत्राच्या पोटातली नोंद उघडली. तिथेही सातच. पडद्यावरचे अडुसष्ट, वजा सात. एकसष्ट. गणिताने सांगितलं होतं तेवढेच.

"म्हणजे नवीन काही नाही," सर जरा हिरमुसून म्हणाले. अडुसष्टाच्या जोरावर त्यांनी मनात बरंच काही बांधलं होतं, हे सगळ्यांना दिसलं.

"बराबर आलाय ना? मग झाला तं," पोशी म्हणाली, आणि काकड्या चिरायला बसली.

हर्षदा तिच्या शेजारी बसली. आता रडायचं काही कारण नव्हतं, तरी डोळे भरत होते. "तू त्या दिवशी गप्प का बसलीस?" तिने विचारलं. "तुलाही मीच वाटले?"

"येडी का तू? गाठ बघितली तवाच मना कळला, तू नाय." पोशीने विळीवरून मान वर केली नाही. "देठ पुरणारी, राखेनं हात घासणारी पोर तू. तू दोरा सोडला असतास तं माझीच गाठ मारली असतीस, अशी की मनाबी कळली नसती. येवढी गबाळी चोरी तुझी नाय."

"मग बोलायचं ना सगळ्यांसमोर."

"बोलली असती तं मास्तरानं कबूल केला असता? तू वेल कडू करशील, ह्या मना ठावं व्हता." तिने अंगणात पाय बांधून ठेवलेल्या तांबड्या कोंबड्याकडे समाधानाने पाहिलं. "आन माझा कोंबडा यायचा राहिला व्हता, कवाचा."

तिने चिरलेली पहिली फोड हर्षदाच्या हातात दिली, मग दुसरी सरांपुढे केली. सरांनी ती घेतली, उलटसुलट केली आणि अंगणातल्या सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"आता खाऊ का?" त्यांनी विचारलं.